तेराव्या खुर्चीचा होकार

ओरुमाले बेटाच्या संसदेत तेरा खुर्च्या. तेरावीवर कुणी माणूस बसत नाही, कारण ती सातव्या पिढीची, अजून न जन्मलेल्यांची. त्यांच्या होकाराशिवाय कायदा नाही, ही तिथली जुनी रीत. पूर्वी एक म्हातारा त्यांच्या वतीनं बोलायचा, भागत होतं. पण शहाण्यांना अचूकपणाची हौस आली ना! रीत राज्यघटनेत घातली आणि त्या खुर्चीवर ‘वंशजमत-गणक’ बसवला. हवामान, समुद्र, जन्म-मृत्यू दोनशे वर्षं पुढं चालवून तो त्या काळच्या नागरिकांचं मत सांगतो.

आज स्थलांतर विधेयक होतं. बेटावरच्या सगळ्या आठशे माणसांना न्यायला शेजारच्या देशाचं जहाज धक्क्याला लागलं होतं. अट एकच: कायदा रीतसर, गणकाच्या मोहोरेसह, दुपारच्या भरतीपूर्वी व्हावा. सभापती तेलावीच्या घरात समुद्राचं गुडघाभर पाणी होतं आणि लेकीला सातवा महिना.

बारा हात वर झाले. गणक म्हणाला, “नागरिक शून्य. होकार नाही.”

“बिघडलंय मेलं!” तेलावी ओरडली.

“नाही हो, सभापतीबाई,” गणक सांभाळणाऱ्या डॉ. शर्वाणी टेंभेकर म्हणाल्या. “इथं राहिलात तर सातवी पिढीच नाही. गेलात तर आहे, पण ती परदेशात जन्मलेली. तुमच्या घटनेप्रमाणे बेटावर जन्मलेलाच नागरिक.”

“मग ते कलम आधी बदलू.”

“त्यालाही याच खुर्चीचा होकार लागतो.”

“दोन्ही एकाच विधेयकात घालू!”

“विधेयकानं स्वतःचे मतदार स्वतः तयार करायचे नाहीत, असं कलम आहे.”

तेलावी मटकन खाली बसली. “ते मीच घातलं गं, पोरी. कुणी लबाडी करू नये म्हणून.” तिला रडू आवरेना. “निदान ती पोरं काय म्हणतात ते तरी ऐकव मला.”

शर्वाणींनी नागरिकत्वाची अट बाजूला ठेवली. पडद्यावर आकडा आला: चार हजार तीनशे. सगळ्यांचा होकार. त्यातले एकशे सहा तेलावीच्या लेकीचे वंशज होते.

तेलावीनं ते सगळं डोळे भरून पाहिलं. बाहेर जहाजाचा भोंगा वाजला. दुसरा मार्गच उरला नव्हता. तिनं उभं राहून विधेयक नामंजूर झाल्याचं जाहीर केलं.

गणकानं नव्या निर्णयानुसार हिशेब पुन्हा केला आणि पडद्यावर शून्य आलं.