रोज एक खोटी ओळ

शांतारामकाकांनी पैज लावली ती नाक दाबूनच. श्रावण नुकताच लागलेला, आणि सातपाटीची नलू सुक्या बोंबलांची पाटी घेऊन सोसायटीच्या फाटकात बसलेली. काका श्रावणाचे भलते कडक. शिवाय सोसायटीचे अध्यक्ष. त्यांना फाटकाजवळच्या भिंतीवर स्वतःच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची होती, आणि नेमका तिथेच हेमांगीचा दिनविशेषाचा फळा होता.

"तुझा फळा वाचतं कोण गं?" काका म्हणाले. "उद्या काहीही खोटं लिही. कुत्रंसुद्धा विचारणार नाही."

हेमांगीला हे झोंबलं. पालघरच्या कचेरीत कामाला जायच्या आधी ती रोज खडू घेऊन उभी राहायची. आज कोण जन्मलं, कोण गेलं, काय घडलं, सगळं कसं टापटीप लिहायची. पण आजवर कुणी 'छान' एवढंही म्हणालं नव्हतं. म्हणजे काका खरं बोलत असले तर?

मग काय, ठरलं. रोज खऱ्या ओळींमध्ये एक खोटी सोडायची. कुणी आपणहून ती पकडली, तर फळा राहील. नाही पकडली, तर फळा खाली आणि काकांची पाटी वर. मुदत तेरा ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत. चौदाला पालघरचा हुतात्मा दिन, त्या दिवशी फळ्यावर थट्टा करायची काकांचीही छाती नव्हती. आणि हरणाऱ्याने नलूची पाटी डोक्यावर घेऊन, बोंबील विकत अख्ख्या सोसायटीला फेरी मारायची. नलूला हे इतकं आवडलं की ती तिथल्या तिथे पंच होऊन बसली.

पहिल्या दिवशी हेमांगीने लिहिलं की आजच्याच तारखेला केळव्याच्या समुद्रात एक पाणबुडी पोहायला शिकली. लोक आले, गेले. एकाने तर मान डोलावली, "चांगली माहिती असते हां."

दुसऱ्या दिवशी तिने चिडून लिहिलं : 'जागतिक शेजारी दिन. आज शेजाऱ्याकडे चहा प्यावा.'

संध्याकाळी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू. शिरगावचा प्रफुल्ल, बोईसरला कारखान्यात नोकरीला. रोज सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत फाटकात उभा असायचा तोच. रेनकोटातून पाणी निथळतंय, हातात खारीचा पुडा.

"आज शेजारी दिन हाय ना... मी शेजारी."

हेमांगीने ओठ चावून हसू दाबलं आणि आधण ठेवलं. तो तिच्या आईशी गप्पा मारत, बशीकडे बघत चहा प्यायला. पण ती कप उचलायला वाकली तेव्हा त्याने वर पाहिलं — आणि तिच्या हातातला चमचा खाली पडला.

तिसऱ्या दिवशी फळ्यावर 'एका छत्रीत दोघांनी जाण्याचा दिन' उगवला. आता हा कुठून सुचला, ते हेमांगीला विचारू नका. प्रफुल्लला नेमकी सुट्टी होती, आणि नेमकी छत्री नव्हती. स्टेशनपर्यंत दोघंही एकेका खांद्याने भिजले. त्यानंतर 'हसण्यास सक्त मनाई दिन' आला. त्या दिवशी तो गाल फुगवून फळ्यासमोर असा काही उभा राहिला, की हेमांगीच आधी फुटली.

भोळा आहे बिचारा, तिला वाटायचं. जे लिहावं ते खरं मानतो. आणि मग बारा तारखेला जिन्यात तो म्हणाला, "शेजारी दिनाचं आईलाबी सांगितलं मी. तिने शिरगावात चार घरी बोलावणी केली चहाची."

हेमांगी तिथेच पायरीवर बसली. एका फळ्यापायी आपण एवढ्या सरळ माणसाला गंडवतोय... रात्रभर तिचा डोळा लागेना. सकाळी तिने सगळ्या खऱ्याच ओळी लिहिल्या. वर मोठ्या अक्षरात, 'आज जागतिक डावखुरे दिन'. मग काकांकडे जाऊन सांगितलं, मी हरले. फळा काढा.

संध्याकाळी काका ड्रिलवाल्याला घेऊन हजर. अख्खी सोसायटी जमलेली. नलूने चुंबळ करून ठेवलेली. तेवढ्यात कंपनीची बस थांबली. प्रफुल्ल उतरला आणि कुणाकडे न बघता फळ्यासमोर जाऊन उभा राहिला. हलेचना.

"अरे, बाजूला हो," काका म्हणाले. "काय बघतोस?"

"चूक बघतोय." त्याने डोकं खाजवलं. "रोज एक असते ना. सकाळपासून शोधतोय, आज नाय सापडत. डावखुऱ्यांचा दिवस पण मोबाईलवर बघितला... खरा निघाला."

ड्रिलवाल्याचा हात थांबला. हेमांगीला कानशिलं गरम झाल्याचं कळलं.

"म्हणजे पाणबुडी..." ती कशीबशी म्हणाली.

"पाणबुडी कशी पोहायला शिकेल?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर चहा मिळाला असता?" तो हसला, आणि मग एकदम हसायचा थांबला. "मला वाटलं, ती खोटी ओळ तू माझ्यासाठी लिहितेस. आज नाय लिहिलीस... म्हणून म्हटलं, माझं काय चुकलं?"

'तुमी'चं 'तू' कधी झालं, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तिच्या आलं.

"काही नाही चुकलं," ती हळूच म्हणाली. "पण उद्या नाही हं लिहिता येणार. उद्या पाचबत्तीला जायचंय, हुतात्म्यांना फूल वाहायला."

"मग मी बरोबर येतो. ते तर खरं हाय."

"छत्री आणा."

"एकच आणतो."

काकांनी घसा खाकरला. हेमांगीने आधीच हार मानलीय, म्हणाले. त्यात चूक धरली ती वेळेवर सांगितली नाही, म्हणजे धरलीच नाही.

"सांज झाली नाय अजून," नलू उठली. "आनि पोराने आपनहून सांगितलं. तुमाला पाटी पायजे होती ना काका? ही घ्या."

चुंबळ काकांच्या टकलावर बसली, तिच्यावर पाटी. पहिल्या इमारतीखाली काकांचा आवाज मांजरासारखा निघाला. नलू मागून ओरडली, असं कोन घेईल, पोटातून काढा. दुसऱ्या इमारतीपर्यंत सूर लागला. हेमांगी आणि प्रफुल्ल सगळ्यांच्या मागे चालत होते, हाताला हात लागेल इतक्या अंतरावर, आणि हसण्यात कुणाचं लक्ष नाही बघून तो लागलाही.

"बोंबी-ल... घ्या बोंबी-ल!"

काकांच्याच घराची खिडकी उघडली. पुष्पलताकाकू बाहेर डोकावल्या. नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळून, जन्मात कधी पाहिला नसल्यासारख्या म्हणाल्या,

"ओ बोंबीलवाले, जरा वर या. आणि पाटी दाराबाहेर ठेवा, आमच्याकडे श्रावण असतो."