अर्धं कापलेलं टेबल

गुरुवारी पावणेसहाला दुकानात कोणी आलं, की मला मनातून संताप येतो. चेहऱ्यावर दिसत नाही, गिऱ्हाईकापुढे हसायची सवय लागलीय… पण हात आपोआप शटरच्या चावीकडे जातो. त्या गुरुवारी तो आला, तेव्हा चावी माझ्या हातातच होती.

"डोळे तपासायचेत," तो दारातूनच म्हणाला. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि त्याच्या केसांत पावसाच्या थेंबांबरोबर लाकडाचा भुसाही होता.

"उद्या या ना. सकाळी दहाला उघडतं दुकान."

"आज दोनदा माप चुकलंय माझं. सुतार आहे मी. माप चुकलं ते चुकलं, उद्या बोट चुकेल."

हे ऐकल्यावर कोणाला परत पाठवणार? मी त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि भराभर काचा बदलायला लागले.

"हे स्पष्ट दिसतंय… की हे?"

"आधीचं."

"आणि आता? हे… की हे?"

"तुम्ही घड्याळाकडे बघत नव्हतात ना, तेव्हाचं."

मी ओशाळले. त्या गोल काचांमागे त्याचे डोळे चांगलेच मोठे दिसत होते आणि त्यांत हसू होतं.

"कोणी वाट बघतंय वाटतं?"

"हो. वडील… आणि एक मुखवटा घातलेला माणूस."

मग सांगावंच लागलं. दर गुरुवारी सहाला टीव्हीवर कुस्त्या लागतात. झगमगीत दिवे, कमरेला सोनेरी पट्टे, दोरांवरून उड्या मारणारे पहिलवान, त्या कुस्त्या. मी आणि बाबा एकोणीस वर्षं त्या बघतोय. एरवी हे कोणाला सांगितलं, की समोरचा आधी हसतो आणि मग म्हणतो, "अहो, ते सगळं ठरलेलं असतं!" जणू मला नवीनच काही कळतंय. मी त्या वाक्याची वाट बघत थांबले.

तो हसला नाही. "मागच्या वर्षी ते इथे आले होते ना," म्हणाला, "तेव्हा त्या रिंगच्या फळ्या मी बसवल्या होत्या."

माझ्या हातातली काच पडायचीच बाकी होती. "म्हणजे तुम्ही त्या रिंगला… हात लावलाय?"

"झोपून बघितलंय. फळ्या, वर बोटभर फोम आणि वर कापड. बस, एवढंच. दोन दिवस कंबर धरली होती माझी."

त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा साडेसहा वाजले होते. बाबांनी मान न वळवता सांगितलं, "दोन कुस्त्या गेल्या तुझ्या."

बाबांना कुस्ती बघताना बघणं हा वेगळाच कार्यक्रम आहे. तीस वर्षं त्यांनी बस चालवली. त्यामुळे आमच्या लाडक्या निळ्या मुखवट्यावर मागून कोणी धावून आलं, की बाबांचा उजवा पाय जमिनीवर कचकन ब्रेक दाबतो. "अरे मागे बघ! मागे बघ, गाढवा!" तो खाली पडला, की सोफ्याच्या हातावर थाप मारून ते पंचाबरोबर मोजतात, एक… दोन… तीनपर्यंत खांदे टेकलेले राहिले, की हरला. आणि तीनच्या आत त्याने खांदा उचलला, की असा सुस्कारा सोडतात जणू घाटात बस वाचली. मुखवट्याच्या आतला माणूस या एकोणीस वर्षांत एकदोनदा बदलला असावा. आम्ही ते मनावर घेत नाही.

आता खरी गोष्ट. बाबांना ते सगळं खरं वाटायचं. मला मात्र तेराव्या वर्षी वर्गातल्या एका शहाणीने सांगितलं, की कोण जिंकणार ते आधीच ठरतं. मी पोटभर रडले आणि त्याच दिवशी ठरवलं, बाबांना हे कधीच कळू द्यायचं नाही. आई गेल्यापासून त्यांना हसताना मी फक्त गुरुवारीच बघत होते. मग मी काय काय नाही केलं! एकदा एक निवृत्त पहिलवान टीव्हीवर मुलाखतीत सगळं ओकायला लागला, तर मी जाऊन घराचा मेन स्विच खाली केला. वर्तमानपत्रात काही आलं, की ते पान कपाटाच्या तळाशी. एकदा तर फाडायचं पानच सापडलं नाही मला. म्हटलं, पेपरवाल्याने कमी दिलं असेल.

सुतार चष्मा न्यायला आला तो पुढच्या गुरुवारी. पावणेसहालाच. त्याच्या पुढच्या गुरुवारी चष्मा नाकावरून घसरतो म्हणून आला. मग उजवी काडी कानाला टोचते म्हणून. मी स्क्रू तपासला, तो मुद्दाम सैल केला होता. कोणत्या पेचकसाने केला तेही मला कळलं.

"तुम्ही माझ्या कामात ढवळाढवळ करताय," मी म्हणाले.

"मग घरी सोडायला येऊ का? तेवढीच भरपाई."

दुकानापासून घर बारा मिनिटांवर आहे. त्या बारा मिनिटांत, एका छत्रीखाली, मला रिंगच्या पोटातल्या गोष्टी कळत गेल्या. फळ्या करकरल्या तर बघायला म्हणून हा कुस्त्या चालू असताना रिंगखाली बसला होता. वरचं सगळं त्याला ऐकू यायचं, आणि जे ऐकू येत नव्हतं ते नंतर पहिलवानांनीच सांगितलं होतं.

"गळ्याला विळखा घालून आवळतात ना, तेव्हा एकजण दुसऱ्याचं मनगट हळूच दाबतो. म्हणजे विचारतो, ठीक आहेस ना? दुसऱ्याने उलट दाबलं, की मग पुढे."

"आणि नाही दाबलं तर?"

"तर थांबतात. एवढे राक्षसासारखे दिसतात, पण थांबतात."

इतकी वर्षं मी ते विळखे बघत होते आणि त्यांतली ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. छत्रीच्या दांड्यावर आमचे दोघांचे हात होते, एकावर एक नाहीत, शेजारी शेजारी… पण त्या दिवशी मला घर फारच जवळ वाटलं.

सातव्या गुरुवारी मी त्याला वर बोलावलं. जिन्यात बजावून सांगितलं, "बाबांसमोर एक अक्षर काढायचं नाही. त्यांना सगळं खरं वाटतं."

"शपथ," तो म्हणाला.

बाबांना तो आवडला. फळ्यांचं ऐकून तर ते त्याच्याकडे असे बघायला लागले, जणू तोच पट्टा जिंकून आलाय. पाऊण तास छान गेला. मग जल्लाद नावाच्या आडदांड पहिलवानाने निळ्या मुखवट्याला डोक्यावर उचललं आणि रिंगबाहेरच्या टेबलावर आपटलं. टेबल फाटकन दुभंगलं. मुखवटा हलेना. बाबांनी छातीवर हात ठेवला, चेहरा पांढराफटक. "मेला रे… मेला तो…"

आणि माझा हा भला माणूस घाबरला. बाबांचा हात धरून म्हणाला, "काका, काका, काही झालं नाही त्याला! ते टेबल खालून आधीच अर्धं कापलेलं असतं. इथे आले होते तेव्हा मीच कापून दिलं होतं…"

टीव्हीवर समालोचक बोंबलत होता. बाबांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग रिमोट उचलून टीव्ही बंद केला. मुख्य कुस्ती व्हायची होती, तरी बंद केला. "पाय दुखतोय जरा," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

"माझ्या तोंडून…" तो चाचरला. "त्यांचा चेहरा बघून राहवलं नाही हो."

"जा तुम्ही," मी म्हणाले. "आणि चष्मा सैल झाला, तर दुसरं दुकान बघा."

तो गेला. छत्री माझ्याकडेच राहिली.

तो आठवडा कसा गेला, विचारू नका. बाबा जेवताना पानात बघायचे, मी भिंतीकडे. दुकानात दार वाजलं, की मी मान वर करायचे आणि स्वतःवरच चिडायचे. पंधरा वर्षं जपलेलं त्याने एका वाक्यात मोडलं होतं. राग यायलाच हवा होता आणि येतही होता. पण रागाच्या जोडीला आठवणही येत होती, ती कोणी सांगून आली नव्हती.

गुरुवारी सहा वाजले. बाबांनी टीव्ही लावला नाही. आम्ही दोघं सोफ्यावर बसून काळ्या पडद्याकडे बघत राहिलो. त्यात आम्हीच दिसत होतो.

"बाळा," बाबा म्हणाले, "फार लागलं का गं तुला?"

"मला? मला काय लागायचंय?"

"तो पोरगा बोलला ते. मी इतकी वर्षं जपलं… वाटायचं, तुला कळायलाच नको. तो वाईट नाही, पण त्याला काय ठाऊक, तू ते सगळं खरं मानतेस म्हणून."

मी बाबांकडे बघतच राहिले. "बाबा… तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, पहिल्या दिवसापासून! कंडक्टरने सांगितलं होतं. त्याला दम दिला होता, माझ्या मुलीसमोर बोललास तर बसमधून उतरवीन म्हणून. पेपरात आलं, की पान काढून घडी करून सीटखाली."

"ते पान तुम्ही काढलंत?"

"का? तू शोधत होतीस?"

मी मेन स्विचचं सांगितलं. बाबा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मीही हसले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"ठरलेलं असतं तर असतं," ते म्हणाले. "माझा रस्ता ठरलेला, थांबे ठरलेले, शेवटचा स्टॉपही ठरलेला. म्हणून काय मी तीस वर्षं खोटी बस चालवली?"

"पण मग मला सांगितलं का नाहीत?"

बाबांनी बंद टीव्हीकडे बघितलं. "तुझी आई गेली, तेव्हा तू नऊ वर्षांची. रोज विचारायचीस, आई उठेल का. मला उत्तर देता यायचं नाही. एका गुरुवारी टीव्ही चालू होता आणि तो मुखवट्यावाला पडला. तू त्याच्यासाठी रडायला लागलीस. विचारलंस, बाबा, हा तरी उठेल का?" त्यांनी चष्मा काढून पुसला. मीच बनवून दिलेला चष्मा. "तर ह्याचं मला ठाऊक होतं गं. हा पुढच्या गुरुवारी उठणार, हे ठरलेलंच होतं. निदान एका माणसाबद्दल तुला छातीठोक सांगता येत होतं मला. म्हणून लावत राहिलो."

मी त्यांचा हात घट्ट धरून बसले. बाहेर पाऊस चालू होता. थोड्या वेळाने त्यांनीच माझा हात सोडवला.

"जा आता. मुख्य कुस्तीला पाऊण तास आहे. त्याला घेऊन ये. छत्रीपण त्याचीच आहे ना?"

त्याचा कारखाना दोन गल्ल्या सोडून होता. मी पोचले तेव्हा तो एका नव्याकोऱ्या टेबलाला पॉलिश करत होता. चष्मा नाकाच्या टोकावर आला होता. या वेळी स्क्रू आपणहून सैल झाला असावा.

मला बघून त्याच्या हातातलं फडकं थांबलं. "काकांसाठी करतोय," तो म्हणाला. "अखंड आहे. कुठेही कापलेलं नाही, खालून वाकून बघा हवं तर. कोणालाही आपटलं तरी मोडणार नाही. मलाच आपटायचं असेल, तर…"

"मला नाही उचलता यायचं तुम्हाला."

"मीच उडी मारेन. तसंच तर करतात. ज्याला उचलायचं, तोच थोडी उडी मारतो."

मी हसले. मग त्याला सगळं सांगितलं… पान, मेन स्विच, कंडक्टर. तो ऐकत होता आणि त्याचे डोळे भरून येत होते. मी पुढे होऊन त्याचा चष्मा काढला, टेबलावरच्या त्याच्या पेचकसाने काडी घट्ट केली आणि परत त्याच्या डोळ्यांवर चढवला. बोटं त्याच्या कानांमागे जरा जास्तच वेळ राहिली.

"आता कसं दिसतंय?" मी विचारलं.

"आधी सांगतो, मग दिसेल ते दिसेल," तो म्हणाला. "मला तुम्ही आवडता. चष्म्याचा नंबर नसता, तरी आवडला असतात. नाही म्हणालात, तर… फळ्या खऱ्या आहेत, लागेल मला. पण उठेन."

"बाबा वाट बघतायत," मी म्हणाले. आणि मग, कारण ते उत्तर नव्हतं, "मलापण आवडतोस तू. चल."

आम्ही पोचलो तेव्हा मुख्य कुस्ती सुरू झाली होती. बाबा सोफ्याच्या कडेला, पाय ब्रेकवर. "बसा, बसा! जल्लादाने गळा धरलाय त्याचा!" पडद्यावर निळा मुखवटा विळख्यात अडकला होता. मी जवळून बघितलं, आणि खरंच… जल्लादाचा अंगठा त्याच्या मनगटावर हळूच दाबला गेला.

तेवढ्यात माझ्या मनगटावरही दाब आला. शेजारून, अगदी हलका.

मी उलट दाबलं.

"सोड त्याला! अरे, पंच कुठे बघतोय?" बाबा ओरडले, आणि मान न वळवता म्हणाले, "इथला पंच मात्र जागा आहे हं."

मला लाज वाटली, पण माझं डोकं तोवर त्याच्या खांद्यावर टेकलं होतं. त्याच्या शर्टाला ओल्या लाकडाचा वास होता. पडद्यावर निळा मुखवटा पाठीवर पडला, जल्लाद त्याच्यावर ओणवा झाला, आणि बाबांची थाप सोफ्याच्या हातावर पडायला लागली.

"एक… दोन…"

मुखवट्याने खांदा उचलला. बाबांनी सुस्कारा सोडला. मी डोकं उचललं नाही.

"तीन," तो माझ्या कानाशी म्हणाला.