अठरावी समाधी

"समाध्या मोडल्याच्या तक्रारी येतात," सरिता म्हणाली. "वाढल्याची पहिलीच."

गुलमंडीतल्या तिच्या कार्यालयात प्रेरणा बसली होती. ती जुन्या दफनभूमींच्या नोंदी करायची. वेरूळ रस्त्यावरच्या हिंगमिरे घराण्याच्या दफनभूमीतून ती घाईनंच आली होती.

"गेल्या वर्षी सतरा चौथरे मोजले. सगळे चौरस. काल अठरा भरले! अठरावा सहा फूट लांब, अडीच रुंद. दगड तिथल्याच पडक्या विहिरीचे, म्हणून जुना वाटतो."

"डागडुजी केली असेल," राजकुमार म्हणाला. खाजगी तपासनीस सरिताचा हा मदतनीस कशावरही चटकन विश्वास ठेवायचा.

सरितानं गाडीची किल्ली उचलली.

दफनभूमीत झाडलोट करणारी कडूबाई भेटली. "जचकीसाठी लेकीकडं व्हते बाई, सहा महिने. परवा आले. सवयीनं सतराच फुलं आणली, तर एक चौथरा तसाच राहिला. म्या तर घाबरलेच!"

घराण्यातले वडीलधारे नानासाहेब पायाच्या दुखण्यानं वर्षभर घरातच होते. "आमचे पूर्वज तिथं ध्यानाला बसलेत. त्यांना हलवू नका. थोरले बंधू कृष्णाअण्णा असते तर त्यांनीच सांगितलं असतं. पाच महिन्यांपूर्वी रुसून काशीला गेले. त्यांच्या मोबाइलवरून निरोप येतात, आवाज मात्र नाय."

"रुसले कशावर?"

"त्यांच्या पोराला तिथं हॉटेल बांधायचंय. अण्णा म्हणाले, मी जिवंत असेपर्यंत नाय."

अण्णांचा मुलगा शिवराज अंगणात भेटला. "मी पुण्यात वाढलो, मग दुबईत. आजोबा गेले तेव्हाही येता आलं नाही. ते तिथं झोपलेत, एवढंच ठाऊक."

सरिता थेट पोलीस ठाण्यात गेली. चार दिवसांनी तहसीलदारांच्या परवानगीनं, पोलिसांसमोर अठरावा चौथरा उघडला.

आत माणूस होता. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. खुर्चीवरून आणलेल्या नानासाहेबांनी ती ओळखली.

"अण्णा!"

प्रेरणानं हातातली वही मिटली.

"पण केलं कुणी?" राजकुमार पुटपुटला.

"ज्याला घरची रीत माहीत नव्हती त्यानं," सरिता म्हणाली. "हे लिंगायत घराणं. मृताला बसवून पुरतात, म्हणून चौथरे चौरस. नानासाहेब म्हणाले, पूर्वज बसलेत. कडूबाईनं जन्म इथंच काढलाय. तिलाही ठाऊक. 'झोपलेत' म्हणाला तो एकटा शिवराज. त्यानं बापाला आडवं पुरलं, वर लांबट चौथरा रचला. समाध्यांत नवी समाधी कोण मोजणार? काशीचे निरोप पोलिसांनी तपासले. अण्णांचा मोबाइल या गावाबाहेर गेलाच नव्हता."

सगळे मागे उभ्या असलेल्या शिवराजकडे वळले. तो खड्ड्याकडे बघत नव्हता.

"मारायचं नव्हतं, काका. फक्त ढकललं. डोकं विहिरीच्या काठावर आपटलं."

"दवाखान्यात का नाय नेलं?" नानासाहेबांनी विचारलं.

"घाबरलो. लगेच खणायला घेतलं."

"श्वास चालू होता त्यांचा?"

शिवराजनं पहिल्यांदाच खड्ड्याकडे बघितलं.

"मी पाहिलंच नाही."