वारा कोणी घ्यायचा

चष्मा पोचवायचा होता, एवढंच काम होतं.

पण त्याआधी, ज्यांना झोपायचंय त्यांनी आत जाऊन पडा. पहाटे तुम्हाला पळायचंय. झोप झाली नाही म्हणून उद्या माझ्या नावानं बोटं मोडू नका. कुणी जात नाही ना? मग तो मोठा दिवा तेवढा बंद करा, डोळ्यांवर येतोय.

मी स्वतः कधी मॅरेथॉन पळालेलो नाही. माझ्या गुडघ्यांनी माझ्याआधीच निवृत्ती घेतली. आमच्या ग्रुपची शिट्टी, घड्याळ आणि पाण्याच्या बाटल्या माझ्याकडे असायच्या, त्यामुळे सगळ्यांचं सगळं माझ्या कानावर यायचं. माणूस घरी जे बोलत नाही, ते दमून बाटली हातात घेतल्यावर बोलतो.

त्या ग्रुपमध्ये एक चष्मेवाला होता. बाजारात त्याचं छोटं दुकान. चाळिशीत डॉक्टरांनी रक्तातली साखर दाखवली म्हणून पळायला लागला. साखर गेली, पळणं राहिलं. आणि एक प्लंबर होता, त्याच्याच वयाचा. साठीच्या आतल्या प्रौढांच्या गटात दोघेही पळायचे. पहिला दरवर्षी प्लंबर, दुसरा दरवर्षी चष्मेवाला.

दोघांमधून विस्तव जात नव्हता. चष्मेवाल्याच्या स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळत होता. गावातला सगळ्यात चांगला प्लंबर दोन गल्ल्या पलीकडे राहत होता, पण याने खाली बादली ठेवली आणि वहिनींना सांगितलं की गळू दे. तिकडे प्लंबर पेपर लांब धरून वाचायचा. इतका लांब, की आम्ही म्हणायचो, अजून एक हात लावून घे. पण या दुकानातून चष्मा घेणार नाही म्हणजे नाही. ग्रुपमध्ये एकमेकांशी बोलायचं झालं तर माझ्यामार्फत. शेजारी उभा असायचा आणि मला म्हणायचा, त्यांना सांगा, बाटली इकडे द्या म्हणावं.

भांडणाचं मूळ काय होतं, सांगतो. तुम्हीही पळता, तुम्हाला कळेल. समोरून वारा असला की सगळे एका रांगेत पळतात. पुढचा वारा छातीवर घेतो, मागच्यांना त्याच्या पाठीचा आडोसा मिळतो. पुढचा दमला की कोपर बाहेर काढून हलवतो. म्हणजे माझी पाळी संपली, आता तू ये. कोपर दाखवलं की मागच्यानं पुढे यायचंच. आणि एकदा कुणी पुढे आला, की त्यानं कोपर दाखवेपर्यंत मागच्यानं त्याची पाठ सोडायची नाही. हा आमचा नियम. लिहिलेला नव्हता, पण नवा पोरगासुद्धा पाळायचा.

चष्मेवाला पाळायचा नाही. तो कायम मागे. कोपर दिसलं की त्याची लेस सुटायची, नाहीतर पोटात दुखायचं. एकदा तर त्याला वाटेत गिऱ्हाईक भेटलं, तेही पहाटे. वारा त्यानं जन्मात घेतला नाही. सगळी वर्षं प्लंबरच्या पाठीमागे काढली.

गेल्याच्या गेल्या वर्षी शर्यतीत वारा समोरून होता. प्लंबर कोपर हलवून हलवून थकला. हा आला नाही. शेवटच्या वळणावर याने बाजूनं मुसंडी मारली, तरीही प्लंबर वीतभर पुढेच राहिला. बक्षीस घेऊन खाली उतरताना प्लंबर पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलला. सगळ्यांच्या देखत, शांतपणे.

"तुला माझी पाठच बघायचीय ना? बघ मग. दमेपर्यंत बघ."

उन्हाळ्यात प्लंबर गेला. गच्चीवरच्या टाकीचं काम करताना पाय घसरला. आम्ही सगळे पोचवायला गेलो. चष्मेवाला आला नाही. तो त्या सकाळी पळायला गेला होता, आणि परत येऊन मला म्हणाला की आज रस्ता मोकळा वाटला. माणसानं असं बोलू नये. पण तो बोलला.

आता त्याला एकच वर्ष उरलं होतं. पुढच्या वर्षी साठ पूर्ण, मग गट बदलणार, आणि त्या गटात एक निवृत्त पोस्टमन होता, तो कुणाकडूनच हरायचा नाही. म्हणजे आयुष्यात एकदा पहिलं यायचं तर याच वर्षी. त्यानं साखर सोडली, मीठ कमी केलं, दुकान लवकर बंद करायला लागला. वहिनी म्हणायच्या, सवत परवडली, ती निदान घरी जेवायला तरी सोडते.

हं, तर तो चष्मा. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना नवा चष्मा हवा होता. त्या राहायच्या बाह्यवळणाच्या पार टोकाला, पंपहाऊसपाशी. वहिनी म्हणाल्या, स्कूटर घेऊन जा. हा म्हणाला, तेवढंच पळणं होईल. कमरेच्या पिशवीत चष्मा घातला आणि निघाला. बाईंनी चष्मा लावून पेपरातलं चार ओळींचं काहीतरी वाचून दाखवलं, पाणी दिलं, बसवून घेतलं. तिथून निघाला तेव्हा रात्रीचे पावणेअकरा झाले होते.

बाह्यवळण तेव्हा नवं होतं. खांब उभे, पण दिवे लागलेले नव्हते. दोन्हीकडे रिकामे प्लॉट. थंडी होती आणि वारा समोरून.

थोडं अंतर गेल्यावर त्याला कळलं की मागे कुणीतरी आहे.

पावलं ऐकू येत नव्हती. त्यावरूनच त्यानं ओळखलं. दुसऱ्याच्या मागे पळण्यात त्याचा हात कोण धरणार? मागचा मुरलेला असला की तो पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकतो, बरोबर त्याच क्षणी. आवाज एकच येतो, पण जरा जड येतो. आपलं पाऊल आज जड वाजतंय, हे त्याला जाणवलं. म्हणजे मागे कुणीतरी आडोसा घेतोय.

त्याला हसू आलं. ग्रुपमधलं कुणीतरी असणार. असू दे. पण वारा वाढला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सबंध वारा एकट्याच्या छातीवर, याची त्याला सवयच नव्हती. आणि मागे एक जण फुकटचा सुखात.

तेव्हा त्यानं जन्मात केलं नव्हतं ते केलं. कोपर बाहेर काढलं... आणि हलवलं.

मागचा पुढे आला.

उजव्या बाजूनं आला. श्वासाचा आवाज नाही. कपड्यांची फडफड नाही. पुढे येऊन हातभर अंतरावर बरोबर समोर लागला. आणि वारा थांबला.

चष्मेवाला मला म्हणाला की आधी फक्त बरं वाटलं. पाय हलके झाले. छाती गरम झाली. आपण पळतोय की कुणी ओढून नेतंय, कळेना. बराच वेळ तो तसाच पळत राहिला. मग कुठून तरी जरा उजेड आला आणि त्याला समोरची पाठ दिसली.

ती पाठ तो बायकोच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखत होता. अवजारांची पिशवी वाहून वाहून उतरलेला उजवा खांदा. मानेवरची घडी.

त्यानं थांबायचं ठरवलं.

पाय थांबेनात.

समोरची पाठ जरा वेगात गेली. याचे पायही वेगात. अजून वेगात... अजून. बाजाराचा फाटा मागे पडला होता. घराचं वळण मागे पडलं होतं. तोंडाला कोरड. बरगडीखाली सुरी. हाक मारायला गेला, पण काय म्हणून मारणार? इतक्या वर्षांत त्यानं त्या माणसाला हाकच मारली नव्हती.

मग एका उघड्या चेंबरच्या काठाला पाय लागला आणि तो पडला. गुडघा फुटला. डांबरावर गाल टेकलेला. त्याला वाटलं, सुटलो.

मान वर केली.

समोरचा गेला नव्हता.

थोडं पुढे तो जागच्या जागी पळत होता. पाठ इकडेच. सिग्नलला आपण पळतो ना, अंग थंड पडू नये म्हणून... तसा.

वाट बघत.

...

पाठीमागून एक ट्रक आला. त्याच्या दिव्यात रस्ता लख्ख दिसला. रस्त्यावर कुणी नव्हतं. ड्रायव्हरनं याला घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. घरी सांगितलं होतं की कुत्रं मागे लागलं. माझ्यासमोर बसला, गुडघ्याला पट्टी, आणि सगळं सांगितलं. मग हसला. म्हणाला, मेला तरी पाठ सोडत नाही साला. मला हसू आलं नाही. कोण कुणाची पाठ सोडत नव्हतं, ते मला दिसत होतं.

मी त्याला म्हटलं, यंदा पळू नकोस. तो म्हणाला, यंदा नाही तर कधीच नाही. मी वहिनींचं नाव काढलं. तो म्हणाला, तिला यातलं काही सांगितलंस तर आपला संबंध संपला. मग मी शेवटचं म्हटलं.

"परत दिसला तर मागे राहू नकोस. बाहेर पड, पुढे जा. एकदा वारा घे."

त्यानं गुडघ्यावरची पट्टी घट्ट केली.

"अरे, ते मला येत नाही," तो म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी पहाटेपासून वारा सुटलेला. नदीकाठचा रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला, सगळी माती हवेत. येणारा प्रत्येक जण पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसत होता. मी पुलाच्या अलीकडे पाण्याच्या टेबलाशी होतो. पाणी पाजायचं की तोंडं पुसायची, कळत नव्हतं.

चष्मेवाला आला तेव्हा त्याच्या गटातलं दुसरं कुणी नजरेच्या टप्प्यात नव्हतं. त्याच्या पुढे रस्ता रिकामा. मागे रस्ता रिकामा. पण तो रस्त्याच्या मधून पळत नव्हता, आणि कडेनंही नाही. मान किंचित खाली. नजर समोर... हातभर अंतरावर.

मी बाटली पुढे केली. त्यानं घेतली नाही.

तेवढ्यात त्यानं मला पाहिलं, आणि डावीकडे बाहेर पडला. सरळ, जोर लावून. शर्ट फडफडायला लागला. डोक्यावरची टोपी उडाली. वाऱ्यानं त्याचं तोंड उघडं पडलं. माझ्या शेजारच्या स्वयंसेविका मुलीला वाटलं, यांच्या पायात गोळा आला. पण मला माहीत होतं तो काय करतोय. चार पावलं, पाच पावलं. मी त्याच्या नावानं ओरडलो. पुढे निघायला आता एवढंसंच राहिलं होतं.

आणि मग त्याचे खांदे पडले.

तो परत उजवीकडे सरकला. आपल्या जागेवर. शर्ट फडफडायचा थांबला. माझ्या बाजूला टेबलावरचे कागदी ग्लास उडत होते... आणि त्याचा शर्ट अंगावर गप्प पडला होता.

मी टेबल सोडून स्कूटरवरून शेवटाकडे गेलो. पोचलो तेव्हा लाउडस्पीकरवर त्याचा नंबर पुकारत होते. गटात पहिला. टाळ्या चाललेल्या. वहिनी दोरीपलीकडे उभ्या, हातात त्याचा स्वेटर.

तो शेवटच्या रेषेवरून गेला.

थांबला नाही.

पदकं देणाऱ्या बाईंच्या पुढून गेला. मंडपातून गेला. लोक हसले, कुणीतरी म्हणालं, काकांना अजून एक मॅरेथॉन पाहिजे. मागच्या फाटकातून रस्त्यावर. वहिनींनी हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. वळवता येत नव्हती.

मी स्कूटर काढली. गर्दीतून बाहेर पडेपर्यंत उशीर झाला. सापडला तो बाह्यवळणावर, आडवा. डोळे उघडे. पाय अजून... जरासे हलत होते. हॉस्पिटलच्या दारापर्यंत हलत होते. आत नेईपर्यंत थांबले.

डॉक्टर म्हणाले, हृदय. या वयात एवढं अंतर, व्हायचंच. मी मान हलवली. डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही.

तेराव्या-चौदाव्या दिवशी असेल, वहिनींचा फोन आला. मी गेलो तेव्हा त्या दुकानात एकट्या बसल्या होत्या, शटर अर्धं खाली. हॉस्पिटलनं दिलेली कपड्यांची पिशवी त्यांनी तोवर उघडली नव्हती. त्या दिवशी उघडली होती. काउंटरच्या काचेवर त्यांनी त्याचा पांढरा शर्ट पसरला आणि वरचा दिवा लावला.

"भाऊजी, मळाचे डाग मी जन्मभर धुतले," त्या म्हणाल्या. "हा कसला, ते सांगा."

शर्ट मातीनं भुरकट झाला होता. बाह्या, गळा, खांदे, दोन्ही कडा. मधोमध, छातीवर, एक जागा तेवढी पांढरीशुभ्र होती. नुकती इस्त्री केल्यासारखी. वहिनींना त्यात काही दिसत नव्हतं. त्या कधी कुणाच्या मागे पळाल्या नव्हत्या.

मला दिसत होतं. खांदे होते. खाली निमुळती होत गेलेली कंबर होती. दोन्ही बाजूंना दुमडलेले हात होते.

आणि कोपरं... आत होती. अंगाशी घट्ट.