बरोबरी काही सुटेना

तिचा हात आणि त्याचा हात एकदमच भिंतीतल्या शेवटच्या रिकाम्या प्लगवर पडले.

"माझा आहे," ती म्हणाली.

"प्लग... की हात?" त्याने विचारलं आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

संगणकांची बुद्धिबळ स्पर्धा होती. माणसांनी प्रोग्रॅम लिहायचे आणि खेळायचं यंत्रांनी. प्लग शेवटी दोघांनी वाटून घेतला, त्यामुळे शेजारीशेजारी बसणं आलं. शेवटच्या फेरीनंतर पाहतात तर दोघांचे प्रोग्रॅम सारख्याच गुणांवर, पहिल्या जागी!

पंचबाईंनी नियम वाचला. बरोबरी झाली, तर प्रत्येकाच्या प्रतिस्पर्ध्यांचे गुण मोजायचे. ज्याचे प्रतिस्पर्धी तगडे, त्याला कप. या हिशेबात तो जिंकला, अर्ध्या गुणाने.

"हा कुठला न्याय?" ती कडाडली. "पहिल्या फेरीत माझ्यासमोर ते रिटायर्ड काका होते. त्यांच्या लॅपटॉपमधून धूर निघाला आणि ते घरी गेले. पुढे त्यांना शून्य मिळत गेलं, त्यात माझा काय दोष?"

"नियम म्हणजे नियम," पंचबाई म्हणाल्या.

"पण यांचं बरोबर आहे," तो तिच्याकडे बोट दाखवत हळूच म्हणाला. "काका माझ्या वाट्याला आले असते, तर या हिशेबात मी हरलो असतो. असा कप मला नको."

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. बावळट चेहरा... पण डोळे छान होते.

मग निर्णायक डाव लावला. बरोबरी. दुसरा लावला. पुन्हा बरोबरी! यंत्रं तीच ती सोंगटी पुढेमागे करत होती आणि दोघं एकाच पुड्यातली बिस्किटं खात होती.

"तुमचा प्रोग्रॅम भारी हट्टी आहे हो."

"लिहिणारीवर गेलाय," ती म्हणाली. "आणि तुमचा नुसता बचाव करत बसतो."

"तोही... लिहिणाऱ्यावर गेलाय."

पंचबाईंचा धीर सुटला. "यंत्रं थकत नाहीत, मी थकते! आता तुम्ही दोघं खेळा. पटावर, हाताने."

दोघांचे चेहरे पडले. पण माघार कोण घेणार?

पाचव्याच चालीला त्याने आपला वजीर थेट तिच्या प्याद्याच्या तोंडी दिला. ती भलतीच सोंगटी उचलणार, तोच पंचबाईंनी वजिराकडे बोट दाखवलं आणि तिचं डोकं फिरलं.

"मुद्दाम हरतोयस? दया नकोय मला तुझी!"

"नाही हो, आईशप्पथ! मला एवढंच येतं. प्रोग्रॅम खेळतो... मी नाही."

ती ओठ चावत पुटपुटली, "मला तर वजीर दिसलाच नव्हता."

पंचबाई हसून हसून टेबलावर आडव्या झाल्या. पुढचा अर्धा तास दोघांनी एकमेकांच्या सोंगट्या फुकट वाटल्या. शेवटी तिने हत्ती सरकवला आणि ती त्याच्या चालीची वाट पाहत बसली. तोही पटाकडे पाहत विचार करत बसला.

"अगं, मात झाली ना!" पंचबाई ओरडल्या. "मघाशीच!"

कप तिच्या हातात आला. तो मनापासून टाळ्या वाजवत होता. हरलेला माणूस इतका खूश कसा दिसू शकतो, हे तिला कळेना... आणि कळलं तेव्हा तिचेच कान तापले.

"मघाशी मला अरेतुरे केलंत," तो म्हणाला. "तसंच चालू ठेवाल?"

"ठेवीन. तूही ठेव."

"मग... मला बुद्धिबळ शिकवशील?"

"मलाच कुठे येतं?"

"म्हणजे बराच वेळ लागेल."

तिने बॅग खांद्याला लावली, कप त्याच्या हातात दिला आणि दाराकडे निघाली.

"लागू दे की," ती वळून म्हणाली. "चल."