डायरीच्या पाठीतली पट्टी

“हात! ताई, तुझा हात आला परत फ्रेममध्ये! काढ ना गं तो!”

चटका बसावा तसा ताईने हात मागे घेतला... खळीने माखलेला, अंगठ्यावर टोच्याच्या जुन्या खुणा असलेला तो हात तिने पदराआड लपवला, जणू काही चोरीच करताना सापडली होती! ज्या हाताने या टेबलावरची एकूण एक डायरी शिवली, तोच हात आता डायरीशेजारी दिसायला नको होता.

“बरं बाळ्या, घे. काढला.”

“आणि कॅमेरा चालू असताना बाळ्या नको म्हणून शंभरदा सांगितलंय!”

“बरं बाळ्या.”

धाकटा भाऊ कपाळावर हात मारून हसला. ताईही हसली. 

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे बांधणीचं दुकान. वडील पुस्तकबांधणी करायचे. छापील कागदांच्या घड्या घालून फर्मे करायचे, टोच्याने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचे, पुठ्ठा चढवायचा आणि रात्रभर दाबाखाली ठेवायचे. वडील होते डावखुरे. ताई लहानपणी त्यांच्या समोर बसून शिकली, आरशात बघून शिकावं तशी. म्हणून त्यांचा डावा हात चालायचा, तिचा उजवा. फर्म्यातून ओढताना दोरा तुटला की वडील खोकत खोकत म्हणायचे, “अगं, दोरा ओढू नकोस. बोलाव त्याला. येतो तो.”

मग वडील थकले, बांधायला येणारी पुस्तकं आटली, आणि ताईने डोकं लढवलं. ‘चौकट’ नावाच्या अ‍ॅपवर दुकानाचं पान उघडलं. डायऱ्यांचे फोटो टाकले आणि वडिलांचे शिवतानाचे छोटे छोटे व्हिडिओ टाकले, चांगले एकोणीस! कोणी विचारलं, “रेघांची मिळेल का?” तर ताई स्वयंपाक करता करता उत्तर द्यायची. कोणी लिहिलं, “परीक्षेत पास झाले, तुमच्या डायरीने नशीब काढलं!” तर ताई अभिनंदन करायची. पाच वर्षांत चाळीस हजार माणसं त्या पानावर जमली. दरम्यान वडील गेले. पण रोज दुपारी जेवण झालं की आई चष्मा लावून बसायची आणि ताई तिला एक व्हिडिओ लावून द्यायची. आई म्हणायची, “चेहरा नाही दिसला तरी चालेल गं. तो खोकला ऐकू आला की घर भरल्यासारखं वाटतं.”

आणि मग आलं ‘झटपट’!

झटपट म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओंचं नवं अ‍ॅप. चौकट आणि झटपट यांची अशी काही जुंपली की विचारू नका! चौकटवाले म्हणत, आमच्याकडे फोटो टाका, तुमचं दुकान आम्ही वर उचलतो. झटपटवाले म्हणत, फोटो कोण बघतंय, आमच्याकडे या, पहिल्या पानावर बसवतो! दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ अशी म्हण आहे. इथे मात्र दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा जीव, असं झालं.

धाकटा बोलण्यात पटाईत, दिसायला देखणा. झटपटच्या मॅनेजर बाईंनी त्याला हेरलं. म्हणाल्या, “एक चेहरा, एक कहाणी, एक अ‍ॅप! तरुण मुलगा, एकट्याने उभा केलेला उद्योग... लोक डोक्यावर घेतील. मात्र वर्षभर चौकट बंद.”

“पण ताई...” धाकटा चाचरला होता, हे खरं सांगायला हवं.

“मला काय करायचाय चेहरा?” ताईच पटकन म्हणाली होती. “डायरी काय चेहऱ्याने शिवतात?”

झालं! त्या दिवसापासून कहाणीतून ताई गेली, मग फोटोंतून गेली, आणि आज तर फ्रेममधून हातही गेला. महिन्यापूर्वी धाकट्याने चौकटीवरचं पान बंद केलं. ताईला वाटलं, दुकानाचं शटर ओढलंय. आतला माल कुठे जातोय? वर्ष संपलं की वर करू. आईने विचारलं तेव्हा तिने ठोकून दिलं, “ते अ‍ॅप दुरुस्तीला गेलंय, आई.”

“नीट बघून करून घे हो,” आई म्हणाली होती. “दुरुस्तीवाले आतलं सामान बदलतात.”

आज झटपटच्या ‘नवउद्योजक’ स्पर्धेची अंतिम फेरी होती. जिंकणाऱ्याचं दुकान वर्षभर सगळ्यांत वर! धाकटा घाईघाईने कपाट उघडत, पिशवी भरत, शर्टाची कॉलर सावरत निघाला. ताई आत खळ ढवळत होती. त्याने कपाटातून काय घेतलं, ते तिने पाहिलं नाही.

“ताई, आशीर्वाद दे!”

“दिला. कॉलर मागून दुमडलीय बघ.”

तो कॉलर न बघताच पळाला.

सव्वाअकराला ताईचा फोन वाजला. चौकटीचा निरोप होता. पान तिच्या नंबरवर उघडलेलं, म्हणून निरोपही तिलाच: ‘आपले पान बंद करून तीस दिवस होत आहेत. आज दुपारी बारा वाजता त्यावरील सर्व मजकूर कायमचा पुसला जाईल. पान परत सुरू करण्यासाठी येथे दाबा.’

कायमचा?... पुसला?... सगळा?

 ते एकोणीस व्हिडिओ दुसरीकडे कुठेच नव्हते! फोनमध्ये जागा होत नाही म्हणून तिने एकेक चौकटीवर टाकला आणि इथून काढून टाकला होता. कपाटात ठेवल्यावर तेच टेबलावर कशाला पसरायचं, असा तिचा साधा हिशेब. हाय रे दैवा! कपाटच दुसऱ्याचं होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिने धाकट्याला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. शेवटी मॅनेजर बाईंना लावला.

“स्पर्धकांचे फोन आम्ही काढून घेतलेत हो. काय काम होतं?”

“ते चौकटीचं पान... दोन मिनिटं उघडू का? वडिलांचे व्हिडिओ आहेत त्यात. काढून घेते आणि लगेच बंद करते.”

“अहो, दोन सेकंदही नाही!” बाईंचा आवाज एकदम कोरडा झाला. “आमची माणसं नजर ठेवून असतात. ते पान जिवंत दिसलं की करार रद्द आणि तुमचा भाऊ स्पर्धेतून बाद. बघा बुवा!”

ताईने झटपट उघडलं. कार्यक्रम थेट चालू होता. मोठ्ठा रंगमंच, आणि त्या झगमगाटात तिचा बाळ्या! वरच्या कोपऱ्यात घड्याळ: अकरा बावन्न.

सूत्रसंचालिका हसून विचारत होती, “इतकी सुंदर कला! तुम्हाला शिकवली कुणी?”

धाकट्याने क्षणभर खाली पाहिलं. “कुणी नाही. स्वतःच शिकलो. सगळं एकट्यानेच.”

कुणी नाही!... ताईच्या काळजातून टोचा आरपार गेला. ज्याने आयुष्यात कधी सुईत दोरा ओवला नाही, तो म्हणतोय स्वतःच शिकलो? अरे, निदान वडिलांचं तरी नाव घ्यायचंस! तिने संतापाने तो निरोप उघडला. ‘येथे दाबा.’ अंगठा थेट त्या अक्षरांवर नेला. आता दाबते! होऊ दे काय व्हायचं ते! मी नसले तर नसले, माझ्या बापाला पुसणारे हे कोण?

आतून आईची हाक आली. “काय गं, आलं का ते दुरुस्त होऊन? महिना झाला यांचा खोकला ऐकून.”

ताईचे डोळे घळाघळा वाहू लागले. अकरा सत्तावन्न. तिने दाबण्याआधी एकदाच परत रंगमंचाकडे पाहिलं... धाकटा टाळ्यांना वाकून नमस्कार करत होता आणि त्याची कॉलर मागून अजून दुमडलेलीच होती! शाळेच्या पहिल्या दिवशी होती ना, अगदी तशीच. रडत रडत वळून वळून बघणारं ते पोर, आणि फाटकाबाहेर उभी असलेली चौदा वर्षांची ताई...

अंगठा थबकला. मागे आला.

“नाही आई,” ती कसंबसं म्हणाली. “अजून नाही आलं.”

बारा वाजले. फोनने बारीकसा आवाज केला. ‘आपले पान पुसण्यात आले आहे.’ बस, एवढंच! माणूस दुसऱ्यांदा गेला, आणि या खेपेला चार माणसंही जमली नाहीत.

रंगमंचावर शेवटची फेरी सुरू झाली होती. झटपटवर सध्या तेच खूळ होतं: आपली वस्तू सगळ्यांदेखत कापून आत काय आहे ते दाखवायचं! कुणी उशी फाडली, कुणी बूट चिरला. धाकट्याने पिशवीतून गडद लाल डायरी काढली.

“ही आमची सात वर्षांपूर्वीची डायरी. बघा, एक टाका सैल नाही!”

ताई ताडकन उभी राहिली. ती डायरी! धाकटा कॉलेजला निघाला तेव्हा तिने शिवून दिलेली, आणि त्याने एक अक्षरही न लिहिता कपाटात टाकलेली... “नको!” ती फोनकडे बघून ओरडली. “बाळ्या, ती नको!”

कारण पुस्तकाच्या पाठीत, कापडाखाली, मजबुतीसाठी रद्दीची पट्टी चिकटवतात. वडिलांची शिस्तच होती: कोरा कागद पाठीत घालायचा नाही, रद्दी घालायची, पाठीत कोण बघतंय? त्या दिवशी ताईच्या हाताशी जी रद्दी आली, ती...

धाकट्याने सुरी फिरवली. लाल कापड सुटलं, खालून पट्टी निघाली. त्याने ती कॅमेऱ्यासमोर धरली. “हे बघा, आत सुद्धा...” आणि तो थांबला. अक्षर ओळखीचं होतं.

“काय लिहिलंय? वाचा ना!” सूत्रसंचालिका खुशीत होती.

“...मुद्रणालयात माझी निवड झाली, हे वाचून आनंद...” तो अडखळत वाचू लागला. “...परंतु मी रुजू होऊ शकत नाही. वडिलांचा हात आता पूर्वीसारखा चालत नाही आणि माझा भाऊ अजून लहान...”

पट्टी तिथेच कापलेली होती.

 घरी ताईने तोंडावर हात ठेवला. मोठ्या शहरातल्या मुद्रणालयाची ती नोकरी, आणि तिला नकार कळवणाऱ्या पत्राचा हा कच्चा खर्डा! “निवड नाही झाली,” असंच तिने घरी सांगितलं होतं. आणि धाकटा सात वर्षं तिला चिडवायचा, “आमची नापास ताई! कुणी घेतलं नाही म्हणून चिकटली खळीला!” ती हसायची. दर वेळी हसायची.

“हे कुणाचं अक्षर?” सूत्रसंचालिकेने विचारलं.

“माझ्या ताईचं.” धाकट्याचा आवाज फाटला. “मी खोटं बोललो. मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. हे सगळं तिचं आहे... सगळं! मी नुसतं तोंड आहे!”

मॅनेजर बाई हातवारे करत पडद्यामागून धावत आल्या, पण तो रंगमंचावरून कधीच उतरला होता. एक चेहरा, एक कहाणी... करार तिथल्या तिथे मोडला. ज्या करारासाठी ताईने पाचच मिनिटांपूर्वी बापाचा आवाज पुसू दिला होता, तोच करार!

तासाभराने धाकटा धापा टाकत दारात उभा राहिला. आत येऊन त्याने ताईचे पाय धरले.

“ताई, शिव्या दे मला, मार... पण बोल!”

“ऊठ रे. कॉलर बघ कशी झालीय.” ती वाकून त्याची कॉलर सारखी करू लागली. एवढ्यानेच तो हमसून हमसून रडला.

“दे तो फोन. गेलं झटपट खड्ड्यात! चौकट उघडू. तुझं नाव टाकू वर, मोठ्ठं! बाबांचे व्हिडिओ आहेत ना त्यात...”

 ताईने फोन त्याच्या हातात दिला. त्याने निरोप वाचला, वेळ वाचली, परत वाचली.

“बारा?... ताई, बटण तर तुझ्याकडे होतं! का नाही दाबलंस?”

“तू तेव्हा नमस्कार करत होतास.”

धाकटा मटकन खाली बसला.  मग तो उठला, टेबलाशी गेला, पिशवीतल्या फाडलेल्या डायरीचे फर्मे त्याने जुळवून ठेवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सुई हातात घेतली. डाव्या हातात. तोही डावखुरा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण या टेबलाशी तो कधी बसलाच नव्हता.

“शिकव.”

ताई समोर बसली, पूर्वी बसायची तशीच, पण या खेपेला शिकवणारी ती होती. त्याने घाईने दोरा खेचला. तुटला.

“ओढू नकोस रे,” ती म्हणाली. “बोलाव त्याला. येतो तो.”

दाराशी चाहूल लागली. आई भिंतीला धरून उभी होती, चष्मा लावून, त्या डाव्या हाताकडे टक लावून. धाकटा गडबडला. “आई, ते अ‍ॅप...”

“कळतं रे मला. अ‍ॅप कुठे दुरुस्तीला जातं होय?” आई हळूहळू येऊन नेहमीच्या स्टुलावर बसली. “पोरगी खोटं बोलते तेव्हा डोळे खाली असतात तिचे. तुम्ही शिवा. मी बघते.”

टोचा टेकला, सुई गेली, मेणाचा दोरा सरसरत आला. अंगठ्याचा तोच बाक, करंगळी वर धरायची तीच लकब. आई मान कलती करून, कान देऊन ऐकत राहिली...

हात हुबेहूब तेच होते. खोकला तेवढा आला नाही.