नकाशाबाहेरचा गाळ

माझा गमबूट गाळात रुतून बसला आणि पाय तेवढा मोकळा वर आला, तेव्हा तो हसला. असा राग आला म्हणता!

“हसता काय? हात द्या.”

“देतो… पन मंग सोडणार कोन?” डोंगा काठाला लावत तो म्हणाला.

हा ललित. वलगावच्या पुढच्या त्या तळ्यात त्याच्या घरचे शिंगाड्याचे वेल. आणि मी प्रियदर्शनी, अमरावतीला एम.एस्सी. करणारी. तळ्याच्या गाळात शिसं, कॅडमियम असले विषारी धातू किती साचलेत, त्यांचा धोका किती, हे तपासायला आलेली. सरांनी नकाशावर पाच जागा ठरवून दिल्या होत्या. ललितच्या डोंग्यातून त्या दुपारपर्यंत आटोपल्या… आणि माझा पाय काही निघेना.

“अजून एक राहिली,” मी थाप मारली. “ती, त्या कोपऱ्यातली.”

“थे तुमच्या नकाशात नाही.”

“नकाशा कायले पाहता तुमी?”

“तुमच्याकडं पायलं तं रागावता. मंग नकाशाच पायतो.”

कोपऱ्यातला गाळ मी डबीत भरला. तिथं दरवर्षी गणपती-देवीचं विसर्जन व्हायचं, आणि तिथंच ललितचे वेल दाट पसरलेले.

पुढचे दिवस जीव थाऱ्यावर नव्हता. त्याचा मेसेज आला की धडधड, नाही आला की चिडचिड. “काहून भिरभिर करून राहिली?” आई सारखी विचारायची.

मग निकाल आले. पाच डब्या ठीक. सहावीत मात्र शिसं धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर. मूर्तींचा रंग वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात बसत आला असावा.

सहावी डबी सरांना माहीतच नव्हती. फेकून दिली असती तर या कानाचं त्या कानाला कळलं नसतं. तोडणी तर ऐन भरात होती, एकादशीच्या उपासाचा बाजार तोंडावर. सांगितलं तर हा मुलगा हातचा जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी सकाळची बस धरली.

“शिंगाडे विकू नको, ललित. त्यात शिसं किती उतरलं, ते आधी तपासू दे.”

बाजारात न्यायची पोती डोंग्यात भरलेली होती. तो त्यातल्याच एकावर टेकला.

“थे डबी कोनं कोनं पायली?”

“फक्त मी.”

“मंग?”

“मंग काय? ती डबी कामाची नव्हतीच. तुयासंगं अजून घडीभर बसायचं होतं, म्हणून घेतली. माहा जीव जडला तुयावर… पन हे कोनाचं लेकरू खाईल, अन् मी चूप राहू?”

आता हा परत तोंड दाखवणार नाही, असंच मला वाटलं.

ललित उठला. एकेक पोतं उचलून काठावर ठेवलं, गाडीवाल्याला फोन करून येऊ नको म्हणाला. मग कपाळ पुसत माझ्यासमोर उभा राहिला.

“बाबा इचारतीन, माल काहून नाही नेला. काय सांगू?”

“खरं ते सांग.”

“सांगतो. पोरगी पसंत केली, अन् तिनं घरात यायच्या आधीच हंगाम बुडवला.”

मला हसूही आलं, रडूही आलं.

“मंग ते काय म्हणतीन रे?”

“मले काय इचारते? चाल… तूच सांग त्याइले. मी मांगं उभा राहतो.”